ओसाकाचं यंत्र, हणजूणची वाळू

१९८१ च्या अखेरीस ओसाकाच्या रोलँड कंपनीने एक चपटी, चंदेरी पेटी बाजारात आणली. नाव टीबी-३०३. गिटार वाजवणाऱ्याला घरी एकट्याने सराव करताना बेसची साथ मिळावी, एवढाच तिचा हेतू. साथ काही जमली नाही. तिचा आवाज खऱ्या बेस गिटारच्या जवळपासही जात नव्हता आणि तिच्यात सूर भरण्याची पद्धत डोकं फिरवणारी होती. सुमारे दहा हजार नग बनवून कंपनीने १९८४ मध्ये उत्पादन बंद केलं आणि जुन्या वाद्यांच्या दुकानांत ती पडेल भावात मिळू लागली. मग शिकागोतल्या काही तरुणांनी ती वाजत असतानाच तिच्या खुंट्या पिळायला सुरुवात केली. १९८७ मध्ये ‘फ्युचर’ या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी आली आणि साथीला नापास झालेलं यंत्र नाचाच्या संगीतात मुख्य गवई होऊन बसलं.

पुढच्या पानांचा विषय गोवा ट्रान्स हा आहे: त्याचा जन्म, त्याचं जपानला जाणं आणि तिथे त्याच्या नादी लागलेली माणसं. ही गोष्ट सहसा हिप्पींपासून सांगतात. पौर्णिमा, समुद्र, चिलीम, माडांना बांधलेले चकाकते पडदे. ती खोटी नाही, पण तिच्यात एक मोठी फट आहे. गोव्यातल्या हणजूणच्या वाळूवर जे वाजत होतं ते ज्या सामग्रीवर तयार झालं आणि ज्या सामग्रीतून ऐकवलं गेलं, तिच्यातला मोठा भाग जपानी होता. ताल देणारं टीआर-८०८ (१९८०), त्याचा धाकटा भाऊ टीआर-९०९ (१९८३), एसएच-१०१ हा छोटा सिंथेसायझर (१९८२), सोनीचा वॉकमन (१९७९), पुढे सोनीचीच डॅट टेप (१९८७). जपानी तरुण नव्वदच्या दशकात गोव्यात पोहोचले तेव्हा ते एका अर्थी आपल्याच घरातल्या वस्तूंचा आवाज ऐकायला आले होते. फक्त तो आवाज त्यांच्या घरी कुणी तसा काढला नव्हता.

शिकागोच्या आधी मुंबईतही एका माणसाच्या हाती ही चंदेरी पेटी पडली होती. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे. त्यांनी रोलँडची यंत्रं मिळवली आणि १९८२ मध्ये एचएमव्हीच्या छत्राखाली दहा रागांची डिस्को तालावरची तबकडी काढली. भैरव, ललित, तोडी, मालकंस, बैरागी, आणि खाली अखंड ठोका. ती खपली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा ॲसिड हाउस या शिकागोच्या नृत्यसंगीताचा जन्म मुंबईत झाला अशी हाकाटी पिटली गेली. आपल्याकडच्या लोकांना असं काही ऐकलं की छाती फुगवायला आवडतं. पण शिकागोवाल्यांनी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही आणि हणजूणच्या पार्ट्यांमध्ये ती वाजत असल्याचाही नाही. मुंबईहून गोव्याला एका रात्रीत बस पोहोचत होती, तरी हे संगीत तिथे गेलं नाही, कारण ते पिशवीत घालून नेणारं कुणी नव्हतं. चरणजित सिंग २०१५ मध्ये वारले. शेवटच्या काही वर्षांत त्यांना युरोपातून बोलावणी आली, एवढं तरी झालं.

नेणाऱ्या माणसांवाचून असल्या संगीताचं काही चालत नाही. रेडिओ त्याला हात लावत नाही, मोठ्या कंपन्या फिरकत नाहीत, दुकानात त्याचा वेगळा कप्पा नसतो. शे-दोनशे माणसं आपापसांत टेपा बदलतात, एकमेकांना पत्ते सांगतात, त्यावर सगळा डोलारा उभा राहतो.

गोव्यात हा डोलारा बारदेश तालुक्यात उभा राहिला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झालं आणि दशक संपता संपता काबूल-दिल्लीमार्गे आलेले गोरे तरुण कळंगुट आणि हणजूणला घरं भाड्याने घेऊन राहू लागले. त्यांच्यात ‘एट फिंगर एडी’ म्हणून ओळखला जाणारा आर्मेनियन वंशाचा एक अमेरिकन होता. त्याचं घर म्हणजे अर्धा आश्रम, अर्धी खानावळ. कॅलिफोर्नियाहून आलेला गिल्बर्ट लीव्ही, म्हणजे पुढचा गोवा गिल, तोही याच लाटेतला. सत्तरच्या दशकात किनाऱ्यावर गिटार आणि रॉक होतं. ऐंशीच्या सुरुवातीला वारं फिरलं. लॉरेंट आणि फ्रेड डिस्को या फ्रेंच मंडळींनी युरोपातली यांत्रिक नृत्यगीतं आणली आणि त्यांतला गाता भाग कापून टाकायला सुरुवात केली. दोन कॅसेट यंत्रं घेऊन नुसता ठोका आणि सिंथचे तुकडे पुन्हा पुन्हा जोडायचे, म्हणजे चार मिनिटांच्या गाण्यातून दहा मिनिटांचं शब्दहीन काहीतरी तयार व्हायचं. रॉकवाल्यांनी आधी कुरकूर केली. नंतर गिलसकट बरेचजण इकडे वळले. साधूंच्या ‘जुना’ आखाड्याशी नातं सांगणारा हा जटाधारी अमेरिकन पुढे चोवीस-चोवीस तास वाजवू लागला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो गेला.

इथे यंत्राचा पुन्हा संबंध येतो. गोव्यातल्या उन्हात विनाइलची तबकडी वाकते, वाळूचा कण खाचेत गेला की सुई उडते, आणि विमानातून दोनशे तबकड्या आणायच्या म्हणजे वजन. त्यामुळे हणजूणचा डीजे आधी कॅसेटवर आणि नव्वदच्या दशकात डॅटवर वाजवू लागला. काडेपेटीहून थोड्या मोठ्या टेपेत दोन तासांचं स्वच्छ ध्वनिमुद्रण राहायचं, आणि लंडनच्या स्टुडिओत गेल्या आठवड्यात तयार झालेला तुकडा छापला जाण्याआधीच वागातोरला वाजायचा. एक अडचण होती. तबकडीचा वेग बोटाने कमी-जास्त करून दोन गाण्यांचे ठोके जुळवता येतात, तसं डॅटवर जमत नाही. म्हणून गाणी रचणाऱ्यांनी सुरुवात आणि शेवट ठोक्यावाचून ठेवायला सुरुवात केली: नुसता वाऱ्यासारखा आवाज, एखादं अवकाशातलं बोलणं, मग ठोका. एक तुकडा विरत असताना दुसरा उगवायचा. गोवा ट्रान्सच्या त्या लांबलचक, गूढ वाटणाऱ्या प्रस्तावनांवर अध्यात्माचे कितीतरी थर चढवले गेले आहेत. त्यांच्या मुळाशी टेपच्या यंत्राची ही मर्यादाही आहे.

आणि ठोका सुरू झाला की तो थांबत नाही. मिनिटाला साधारण १४० ते १५०, चारही मात्रांवर सारखाच घाव, त्यावर सोळाव्या हिश्शाच्या सुरांची धावती वेल आणि मधून मधून टीबी-३०३ चं ते किंचाळणं. सुरावटीत कोमल रिषभाच्या शेजारी शुद्ध गंधार, वर कोमल धैवत आणि निषाद. युरोपीय कान याला ‘पौर्वात्य’ म्हणून मोकळे होतात. हिंदुस्तानी संगीत ऐकणाऱ्याला बसंत मुखारीचे स्वर ओळखू येतील, पण रागाची चाल सापडणार नाही. स्वर उचलले आहेत, त्यांचं वागणं उचललेलं नाही. तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण तसा दावा करणारे संगीतकारही थोडेच होते.

१९९३-९४ मध्ये हे सगळं लंडनमार्गे जगभर उघडं पडलं. ‘ड्रॅगनफ्लाय’, ‘टिप’ अशा छोट्या छोट्या कंपन्यांनी तबकड्या काढल्या. डिसेंबर १९९४ मध्ये पॉल ओकनफोल्डचा ‘गोवा मिक्स’ बीबीसीच्या रेडिओ वनवर लागला आणि हणजूण कुठे आहे हे माहीत नसलेल्या पोरांनाही गोवा ट्रान्स हे नाव पाठ झालं. लष्करातून सुटून गोव्यात आलेली इस्रायली मुलंमुली ते घरी घेऊन गेली. आणि त्याच १९९४ मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या त्सुयोशी सुझुकी या जपानी डीजेने जॉन पर्लॉफबरोबर ‘मात्सुरी प्रॉडक्शन्स’ ही कंपनी काढली.

सुझुकी हा या गोष्टीतला कळीचा वाहक. लंडनच्या ‘रिटर्न टू द सोर्स’ या पार्ट्यांमध्ये तो नेमाने वाजवायचा. ‘प्राणा’ या गटातून त्याने स्वतःचं संगीत केलं, आणि टोकियो, लंडन, गोवा या तिन्ही ठिकाणी त्याची ऊठबस होती. १९९७ मध्ये ‘मात्सुरी’ने ‘लेट इट आर.आय.पी.’ नावाचा संग्रह काढून गोवा ट्रान्सला जवळजवळ जाहीर मूठमाती दिली. सगळीकडे तीच सुरावट, तोच साचा झाला होता, आता पुढे चला, असा त्यामागचा भाव. चळवळीचा ऐन बहर असताना आतल्याच माणसाने असं करणं विरळा. धंद्याच्या हिशेबाने ते शहाणपणाचं होतं का हा वेगळा प्रश्न, पण कानाच्या हिशेबाने त्याचं बरोबर होतं. १९९६-९७ च्या ढीगभर संग्रहांतली निम्मी गाणी आज एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत.

जपानमध्ये जमीन आधीच नांगरलेली होती. १९६७ मध्ये तिथल्या भटक्या कवींनी आणि तरुणांनी सुवानोसे नावाच्या ज्वालामुखीच्या बेटावर आश्रम बांधला होता, म्हणजे हिप्पीपण तिकडे आयात करावं लागलं नाही. १९८६ मध्ये कोतारो सावाकीच्या ‘शिन्या तोक्क्यू’ या प्रवासवर्णनाचे पहिले भाग आले. हाँगकाँगपासून लंडनपर्यंत शक्य तितकं बसने जायचं, वाटेत भारत. ते वाचून कितीतरी जपानी मुलांनी पाठीवर पिशवी टाकली. येन त्या वर्षांत वधारलेला होता, त्यामुळे वाराणसी, पुष्कर, गोवा इथे महिनोन्‌महिने राहणं परवडायचं. परतताना पिशवीत टेपा असायच्या.

टोकियोत वाळू नव्हती. त्यांनी डोंगर निवडले. हिवाळ्यात स्कीसाठी गजबजणारे उतार उन्हाळ्यात ओस असतात. तिथे रस्ता असतो, वीज असते, राहायची सोय असते आणि शेजारी तक्रार करायला कुणी नसतं. नाएबाच्या स्की केंद्रावर १९९९ पासून फुजी रॉक महोत्सव भरतो तो याच गणिताने. ट्रान्सवाल्यांच्या छोट्या पार्ट्याही अशाच डोंगरांत, नदीकाठी, तंबूंच्या जागांवर रंगल्या. ऑगस्ट १९९६ मध्ये फुजीच्या पायथ्याशी ‘रेनबो २०००’ झाला आणि उघड्या आभाळाखाली रात्रभर यांत्रिक संगीत ऐकणं ही मूठभरांची गुपित गोष्ट राहिली नाही. २००१ मध्ये सुरू झालेला ‘लॅबिरिंथ’ आधी ट्रान्सचा होता, हळूहळू तो टेक्नोकडे झुकला. आज ध्वनियंत्रणेच्या नेमकेपणासाठी त्याचं नाव जगभर घेतलं जातं. मराठी माणसाला तिथल्या जुन्या पार्ट्यांची छायाचित्रं पाहून गंमत वाटेल: झाडांमध्ये ताणलेल्या, अतिनील दिव्यात चमकणाऱ्या पडद्यांवर शंकर आणि ॐ, आणि खाली पावसाळी बूट घातलेली पोरं चिखलात नाचताहेत.

जपानमधल्या कडक, वेगवान नृत्यसंगीताचा हा एकच पंथ नव्हे. ‘शार्पनेल’सारख्या गटांनी हॉलंडच्या हार्डकोअरचा हातोडा उचलला, त्यात ॲनिमेतल्या मुलींचे आवाज घातले आणि ठोका दोनशेच्या घरात नेला. त्यांचे चाहते डोंगरात जमत नाहीत, तर १९९८ पासून टोकियोत वर्षातून दोनदा भरणाऱ्या ‘एम-थ्री’ या बाजारात, जिथे हौशी संगीतकार स्वतःच टेबल मांडून स्वतःच्या सीडी विकतात. काहींचा प्रवेश कोनामीच्या १९९७ च्या ‘बीटमेनिया’ या आर्केड खेळातून झाला. ट्रान्सवाला वर्षभर एका रात्रीची वाट पाहतो, हार्डकोअरवाला टेबलांच्या रांगेत सकाळी लवकर उभा राहतो. दोघांच्याही वेडाची जात एकच: ज्याची बाजारात किंमत नाही अशा आवाजासाठी सुट्ट्या, पैसे आणि झोप खर्च करणं.

झोपेचा मुद्दा सरकारांनाही महत्त्वाचा वाटतो. जपानच्या १९४८ च्या ‘फुएइहो’ कायद्यानुसार लोकांना नाचू द्यायचं तर नाचघराला परवाना लागायचा आणि मध्यरात्रीनंतर नाचावर बंदी होती. मूळ रोख वेश्याव्यवसायावर. बरीच वर्षं पोलीस काणाडोळा करत होते, पण २०१० नंतर ओसाकातल्या क्लबांवर धडाधड कारवाया झाल्या. २०१२ मध्ये ‘नून’ या क्लबच्या मालकाला अटक झाली. क्लबांच्या भिंतींवर ‘नाचू नये’ अशा पाट्या लागल्या. संगीतकार र्‍युइची साकामोतोसारखी माणसं सह्यांच्या मोहिमेत उतरली, दीड लाखांवर सह्या जमल्या, २०१४ मध्ये न्यायालयाने मालकाला निर्दोष सोडलं आणि जून २०१६ मध्ये सुधारित कायदा लागू झाला. आता पहाटेपर्यंत नाचता येतं, अट एवढीच की उजेड दहा लक्सपेक्षा जास्त हवा. म्हणजे चित्रपटगृहात मध्यंतरात असतो साधारण तेवढा. नियम करणारे कधी नाचले नसावेत.

भारतात घड्याळ उलट्या दिशेने फिरलं. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पुण्या-कोल्हापूरच्या वाचकाला हे नियम गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींमुळे पाठ आहेत. तेच नियम हणजूणला लागले, आणि सूर्योदयाची वाट पाहत रात्रभर चालणारा प्रकार संध्याकाळी चारला सुरू होऊन दहाला आटोपू लागला. वागातोरच्या ‘हिलटॉप’ या जागेवरच्या रविवारच्या बैठकी याच घड्याळाच्या. जे दहानंतर चालतं ते बंद खोलीत, किंवा चोरून, किंवा ओळखीने, आणि त्याविरुद्धची गाऱ्हाणी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत जातात. गाऱ्हाणी करणारे खोटे नाहीत. ज्या गावात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं झोपतात तिथे रात्रभर १४५ चा ठोका सोसवत नाही. संगीताच्या चाहत्यांनी लिहिलेल्या इतिहासांत हे वाक्य सहसा सापडत नाही.

किनाऱ्यावर रात्र आखडली, शिवाय एप्रिलमध्ये उकाडा असह्य होतोच. मग मंडळी डोंगरात जातात. ही वाट चंदीगडवरून जाते. दिल्लीहून किंवा थेट गोव्याहून आलेले सेक्टर ४३ च्या बसस्थानकावर उतरतात, हिमाचलची गाडी पकडतात आणि भुंतरला वळून पार्वती खोऱ्यात कसोल, तोश, कलगाला पोहोचतात. ल कार्बुझियेने आखलेलं हे शहर त्यांच्या लेखी बस बदलायचं ठिकाण. चंदीगडचं स्वतःचं संगीत वेगळंच आहे: शेजारचं मोहाली हे पंजाबी गाण्यांच्या उद्योगाचं मोठं केंद्र, लग्नाच्या डीजेचा ढोल तिथल्या हवेतच. पण गेल्या काही वर्षांत शनिवार-रविवार गाठून कसोलला जाणाऱ्या गाड्यांत चंदीगडचीच मुलं भरपूर दिसतात. जो पंथ परदेशी वाटसरूंनी चालवला त्याचा हिमाचलातला गिऱ्हाईक आता चंदीगड परिसरातला आहे. कसोलच्या हिब्रू पाट्यांच्या शेजारी पंजाबी बोलणं ऐकू येतं, आणि जपानी प्रवासी शोधावे लागतात.

नाचणाऱ्यांत भारतीयांना जागा मिळायला वेळ लागला, हे मात्र लपवून चालणार नाही. अरुण सालढाणा या भूगोलाच्या अभ्यासकाने हणजूणमध्ये राहून केलेलं काम ‘सायकेडेलिक व्हाइट’ या नावाने २००७ मध्ये पुस्तकरूपाने आलं. रात्री पार्टीत देशी पर्यटकांची गर्दी असायची. पहाटे त्यांच्या बसेस निघून गेल्या की गोरे जुनेजाणते नाचायला उतरायचे, आणि उजाडता उजाडता ती जागा जवळजवळ त्यांचीच होऊन जायची. कुणी हाकललेलं नसायचं. नजरा, कपडे, किती वाजता यायचं याचं ज्ञान, नशेचं साहित्य, एवढ्यावर काम भागायचं. विश्वबंधुत्वाची भाषा बोलणाऱ्या पंथाबद्दल असं लिहिणं अनेकांना झोंबलं. जपानी प्रवासी या मांडणीत कुठे बसतात हा प्रश्न त्याहून अवघड: आशियाई, पण पाहुणे, गोरे नव्हेत, पण पंथाच्या आतले.

नशेबद्दल गुळमुळीत बोलण्यातही अर्थ नाही. एलएसडी आणि चरस या संगीताच्या जडणघडणीत होते, १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आणि पोलिसांची हप्तेबाजीही होती, काही तरुणांचे जीव गेले. पुढच्या पानांत याचं उदात्तीकरण नाही आणि निव्वळ नशेखोरी म्हणून सगळ्याला झाडून टाकणंही नाही.

आणि मग चटया. गोव्यातल्या प्रत्येक मोठ्या पार्टीच्या कडेने स्थानिक बायका चटया अंथरून, रॉकेलचा दिवा लावून, स्टोव्हवर रात्रभर चहा करायच्या. ऑम्लेट, बन, सिगारेटी. प्रवासी त्यांना ‘चाय ममा’ म्हणत. थकलेला नाचणारा त्यांच्या चटईवर येऊन पडायचा, कुणाचं बिनसलं तर त्याला पाणी पाजायचं कामही त्यांचंच. जनरेटर भाड्याने देणारे म्हापशाचे लोक, स्पीकर वाहणारे हमाल, खोली देणारी घरं, परवानगीसाठी पंचायतीत खेटे घालणारे मध्यस्थ, या सगळ्यांवाचून एकही रात्र उभी राहिली नसती. पंथाचे जेवढे इतिहास छापले गेले त्यांत डीजेंची नावं सालांसकट आहेत, चटईवालीचं एकही नाही.

सोनीने २००५ मध्ये डॅट यंत्रांची विक्री थांबवली. जुन्या फिती खराब व्हायच्या आत उतरवून घेण्याचं काम मुख्यतः परदेशी संग्राहक पदरमोड करून करत आहेत. गोव्याच्या बाजूचा पुरावा मात्र टेपेत नाही, कागदावर आहे: १९६२ पासूनचा ‘गोमन्तक’, १९७० पासूनची ‘नवप्रभा’, पंचायतींचे ठराव, परवानगीचे अर्ज आणि तक्रारींच्या फायली. ते वाचायला मराठी आणि कोंकणी येणारा माणूस लागतो, चटईवाल्यांशी बोलायलाही तोच. ऐंशीच्या दशकात विशी-पंचविशीत ज्यांनी पहिल्यांदा स्टोव्ह पेटवला, त्या बायका आज साठीच्या आसपास किंवा पुढे आहेत.